आतून आडवं, बाहेरून उभं

११ ऑक्टोबर १९८७, रविवार. काम: अकरा खिडक्यांच्या काचा. सकाळी सातला सुरुवात.

माझ्या त्या वर्षीच्या वहीत एवढीच नोंद आहे. बाकीचं लिहायला त्या दिवशी वेळ नव्हता आणि नंतर लिहायची लाज वाटली, कारण त्या दिवसाचा घोळ मीच घातला होता. आता पंचेचाळिशी ओलांडल्यावर लाज बरीच कमी झाली आहे. आणि घोळ सांगितल्याशिवाय आमच्या मोठ्या बाई काय चीज होत्या ते कळणार नाही.

जाफराबादहून जीपने पाऊण तासावर आमचं गाव. तिथे मुलींची शाळा, आठवी ते दहावी, एकसष्ट मुली. इमारत मात्र शाळेसाठी बांधलेली नव्हती. निजामाच्या काळात गावात कापसाचं जिनिंग होतं, त्याच्या गोऱ्या मॅनेजरचा तो बंगला. जिनिंग गेलं, मॅनेजर गेला, बंगल्याच्या खिडक्या राहिल्या. त्या दारासारख्या उघडत नसत. एका चौकटीत काचेच्या दोन फळ्या, एकीमागे एक. खालची वर सरकवायची, वरची खाली ओढायची. दोन्ही बाजूंच्या लाकडी पोकळीत दोरीला लोखंडी वजनं टांगलेली, म्हणून फळी जिथे सोडाल तिथे थांबायची. गावात त्यांना 'वर-खाली खिडक्या' म्हणत. निदान म्हणत असत, त्या वर-खाली होत होत्या तोवर. मी शाळेत रुजू झाले तेव्हा दोऱ्या कुजून तुटल्या होत्या आणि सगळ्या तावदानांवर हिरवा ऑइलपेंट फासलेला होता.

पेंट आधीच्या हेडमास्तरांचा. रस्त्यावरून मुली दिसतात, अशी कुणीतरी तक्रार केली. त्यांनी मुलींना झाकण्याचा सोपा उपाय केला. परिणाम असा, की भरदुपारी वर्गात बसलं तरी विहिरीत उतरल्यासारखं वाटायचं. आदल्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांना हजेरीपट वाचायला दारात जाऊन उभं राहावं लागलं. त्यांनी शेरा मारला: वर्गखोल्या अंधाऱ्या, पुढील तपासणीपर्यंत सुधारणा न झाल्यास वर्ग मुलांच्या शाळेत हलवावेत. हेडमास्तर निवृत्त झाले आणि तो शेरा मोठ्या बाईंच्या वाट्याला आला.

मुलांची शाळा चार किलोमीटरवर, डांबरी रोडला लागून. बाई मे महिन्यात घरोघर गेल्या आणि प्रत्येक बापाला एकच प्रश्न विचारला, "तिकडं धाडशील का?" एकसष्टपैकी नऊ जण हो म्हणाले. बाकी बावन्न मुलींचं शिक्षण त्या शेऱ्यावर टांगलेलं होतं, खिडक्यांच्या वजनांसारखंच. बाईंनी हा आकडा आम्हाला एकदाच सांगितला. दुसऱ्यांदा सांगायची गरज पडली नाही.

त्यांचं माहेर तीर्थपुरीकडचं. वडील मेंढरं राखायचे आणि वयाच्या नवव्या वर्षापर्यंत बाई पालातच राहिलेल्या. फळ्यापुढे उभ्या राहिल्या की छापील पुस्तकासारखं बोलायच्या. हातात फडकं आलं की भाषा सरळ पालात जायची. त्यामुळे त्या कुठे आहेत हे न बघताही, बाईंचं नुसतं बोलणं ऐकून त्या शिकवतायत की पुसतायत ते कळायचं.

मला नोकरी दिली तीही पुसण्यावरूनच. मुलाखतीला आम्ही चौघी होतो. बाईंनी आमची सर्टिफिकेटं न वाचता पालथी ठेवली आणि प्रत्येकीपुढे एक सुटं तावदान सरकवलं. शेजारी एक फडकं.

"पूस."

पहिलीने फडकं सोडून पदराने पुसलं. दुसरीने काचेवर हा हा करून वाफ सोडली. तिसरी म्हणाली, "मी शिक्षिकेच्या जागेसाठी आले आहे, शिपायाच्या नाही." आमच्या घरी कंदिलाच्या काचा पुसायचं काम लहानपणापासून माझ्याकडे होतं. मी फडक्याचा वास घेतला आणि म्हटलं, "ह्याला साबण आहे. रेघा येतील. दुसरं द्या."

बाईंनी शेजारी बसलेल्या संस्थेच्या सचिवांकडे पाहिलं. "हिला ठेवा."

"अहो पण ही शिकवती काय?" सचिव म्हणाले.

"ते विचारू मंग."

काच पुसण्याचं त्यांचं शास्त्र ठरलेलं होतं आणि त्यात कुणी सुधारणा सुचवलेली त्यांना खपत नसे. काचेवर ऊन असताना हात लावायचा नाही. पाणी पुसायच्या आधीच सुकतं आणि डाग धरतं. म्हणून सकाळी पश्चिमेच्या खिडक्या, दुपारी पूर्वेच्या. पाणी कमी, एका खिडकीला एक तांब्या. वरपासून खाली यायचं, मधल्या दांडीशी दोन्ही फळ्या एकमेकींवर येतात तिथला झाकलेला पट्टा विसरायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: आतून आडवं पुसायचं, बाहेरून उभं. म्हणजे रेघ राहिलीच तर ती आडवी आहे की उभी एवढं बघायचं. कोणत्या बाजूची ते आपोआप कळतं. आत-बाहेर धावत बसावं लागत नाही.

"रेघ म्हणजे तुझी सही," त्या म्हणायच्या. "तुझी सही काचंवर कशाला पाहिजे? मस्टरवर कर."

फडकं फक्त धोतराचं. तेही वीस-पंचवीस वर्षं वापरलेलं, कारण नवं कापड धागे सोडतं. गावात कुणी म्हातारा धोतर सोडून पायजम्यावर आला की दुसऱ्या दिवशी बाई त्याच्या ओट्यावर हजर.

"आजोबा, धोतरं काय केली?"

"हायत की पेटीत."

"द्या."

एकदा त्यांनी एका म्हाताऱ्याकडे नुसतं निरखून पाहिलं, तर तो घाबरून म्हणाला, "बाई, अंगावरचं तरी राहू द्या." बाई हसल्या नाहीत. "दिवाळीला येते," म्हणाल्या. आणि गेल्या. धोतराच्या त्या चौकोनी चिंध्या करायच्या, काठ फाडून टाकायच्या, बिनसाबणाच्या पाण्यात उकळायच्या, सावलीत वाळवायच्या. प्रत्येक खिडकीला तीन: ओलं, कोरडं आणि शेवटचं. शेवटचं फडकं कुणाच्याही हातात देत नसत.

पुढे निवृत्त होऊन त्या तीर्थपुरीला भावाकडे राहायला गेल्या. मी एकदा भेटायला गेले. उंबऱ्यातच माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आडवी रेघ हाये, डाव्या भिंगाला." चष्मा काढून घेतला, पिशवीतून धोतराचा तुकडा काढला, पुसून परत दिला आणि मगच "बस" म्हणाल्या.

तर, त्या वर्षीच्या जूनपासून आम्ही पेंट खरवडत होतो. बाई, आम्ही पाच शिक्षिका आणि शाळा सुटल्यावर थांबणाऱ्या मुली. ब्लेडने, काचेला ओरखडा न पाडता. एका खिडकीला बारा तावदानं. दोऱ्यांसाठी बाईंनी हसनाबादच्या बाजारातून बैलाचे सुती कासरे आणले. बैलाला आवरतो तो लोखंडाला आवरेल, हा त्यांचा हिशेब, आणि तो बरोबर निघाला. सप्टेंबरात पहिली खिडकी वर गेली आणि तिथेच थांबली, तेव्हा दहावीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "टाळ्या काय वाजवून राह्यल्या? अजून दहा हायत."

सचिव अधूनमधून यायचे. दाराशी उभे राहून सुपारी चघळायचे.

"बाई, कशाला एवढा कुटाणा? चार ट्यूबा लावून टाकू."

"लाइट असती का अकरा ते पाच?"

"मंग जाऊ द्या पोरी रोडच्या शाळेत. पक्की इमारत हाये."

"अन न्हाई गेल्या तर?"

"जायच्या त्या जातील."

बाई ब्लेड चालवत राहायच्या. रस्त्यावरून मुली दिसतील, हा जुना मुद्दाही सचिवांनी काढून पाहिला. त्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "दिसू द्या. वाचताना दिसतील."

तपासणी सोमवारी, बारा तारखेला अकरा वाजता ठरली. रविवारी सकाळी बोअरच्या पाण्याने धूळ आणि रंगाचे कण काढायचे, दुपारी पूर्वेच्या सहा खिडक्यांना शेवटचा हात द्यायचा, आणि सोमवारी पहाटे पश्चिमेच्या पाच. शेवटचा हात बोअरच्या पाण्याचा चालणार नव्हता. आमच्याकडचं ते पाणी जड. साबणाला फेस येत नाही, पातेल्यांना आतून पांढरा थर बसतो. म्हणून बाईंनी पावसाळ्यात पडवीच्या पत्र्यावरून गळणारं पाणी रांजणात धरून ठेवलं होतं. त्या वर्षी पाऊस बेताचाच. रांजण जेमतेम निम्मा भरलेला, वर लाकडी झाकण, झाकणावर दगड. "ह्याला हात लावायचा न्हाई," असा हुकूम होता. का, ते सांगितलेलं नव्हतं. बाईंचे असे हुकूम पंचवीस होते. खडू मोडायचा नाही, घंटेखाली उभं राहायचं नाही, खिडकीच्या दोरीला आपण होऊन गाठ मारायची नाही. मला रुजू होऊन चार महिने झालेले. मी हा हुकूम त्यांच्याच रांगेत बसवला.

त्या रविवारी माझ्याकडे स्वयंपाक होता. कामाला आलेल्या वीस मुली आणि आम्ही सहा जणी, वरण-भात. तुरीची डाळ नऊला चुलीवर चढवली. साडेदहाला बघते तर डाळ जशीच्या तशी, खडे शिजायला टाकावेत तशी. शाळेतली मदतनीस बाई शेजारी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "मॅडम, बोअरच्या पाण्यात ही डाळ संध्याकाळपर्यंत शिजायची न्हाई. आमच्याकडं पावसाचं पाणी घेतेत."

पावसाचं पाणी पडवीत होतं. मी दगड बाजूला ठेवला.

डाळ अर्ध्या तासात मेणासारखी झाली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मग भातही त्याच पाण्यात केला. मग चहाही. मुलींनी पाणी गोड आहे म्हणत तांबे भरभरून घेतले. बारा वाजता मी रांजण तिरपा करून तळाचं पाणी काढलं आणि त्यात हात धुतले.

जेवताना बाईंनी पहिला घास घेतला आणि थांबल्या. बोटांनी डाळ चुरडून पाहिली.

"कुठल्या पाण्यात शिजवली?"

मी सांगितलं.

त्या उठल्या, पडवीत गेल्या, झाकण उचललं, आत पाहिलं, झाकण परत ठेवलं. परत येऊन ताटावर बसल्या आणि पूर्ण जेवल्या. ताटात शीत ठेवलं नाही. मग म्हणाल्या, "डाळ झकास झाली. आता काचा डाळीनं पुसायच्या का?"

एकही मुलगी हसली नाही. आता त्यांनाही कळलं होतं.

कुणीतरी म्हणालं, बोअरचंच पाणी गाळून, उकळून घेऊ. बाईंनी एक तावदान तसं करून दाखवलं. पाच मिनिटांत सुकलं आणि काचेवर चुन्याची बोटं उमटली. पुसलं तर धुरकट झालं. त्या काचेतून बाहेरचं लिंबाचं झाड धुक्यात असल्यासारखं दिसत होतं. बाई त्या तावदानासमोर उभ्या राहिल्या. पाठ आमच्याकडे. मी त्यांना एरवी कधी नुसतं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

वाईट वाटून घेण्यात माझा वेळ गेला नाही. मला पाणी पाहिजे होतं, ज्यात काहीच विरघळलेलं नाही असं. माझ्या वडिलांकडे ट्रॅक्टर होता आणि त्याच्या बॅटरीत विहिरीचं पाणी घातलं म्हणून माझ्या भावाने एकदा मार खाल्ला होता. "बॅटरीला खारट पाणी चालत नसतं, गाढवा," हे वडिलांचं वाक्य मला तिथे उभ्याउभ्या आठवलं. शिपायाची सायकल घेतली आणि स्टँडजवळच्या गॅरेजवर गेले.

मिस्त्री ट्रॅक्टरखाली पडलेला होता. फक्त पाय बाहेर.

"बॅटरीचं पाणी पाहिजे."

"किती?" पाय म्हणाले.

"असेल तेवढं."

डोकं बाहेर आलं. "शाळेनं किती ट्रॅक्टर घेतले?"

"एकही नाही. खिडक्या पुसायच्यात."

"बॅटरीच्या पाण्यानं?"

"हो."

"मॅडम, उन्हातून आल्त्या का तुम्ही?"

मी सगळं सांगितलं, डाळीसकट. तो हात पुसत उठला. "म्हणजे उद्या साहेब येऊन राह्यले ते हेच का? माझी पोरगी नववीत हाये तुमच्याकडं. चार दिवसांपासून घरात दुसरा विषय न्हाई." त्याने कोपऱ्यातून दोन पाच लिटरचे कॅन ओढले. "एक सांगून ठेवतो, रोडच्या शाळेत मी तिला धाडणार न्हाई. हे न्या. लाल झाकणाला हात लावू नका, ते ॲसिड हाये. जल्दी जा, दुपार चाल्ली."

मी तरीही दोन्ही कॅनची बुचं काढून वास घेतला. चार महिन्यांत बाईंनी ती सवय पक्की केली होती.

पडवीत बाईंनी ते पाणी काचेवर एक थेंब टाकून सुकवून पाहिलं. डाग नाही. दुसरा थेंब. डाग नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कॅनकडे पाहिलं आणि तांब्याने मोजायला घेतलं. अकरा तांबे भरून वर थोडं उरत होतं. "पुरतंय," म्हणाल्या. "सांडलं तर मात्र रांजण भरुस्तवर तुला पावसात उभी करीन."

पूर्वेच्या सहा खिडक्या पावणेसहाला संपल्या. बाई बाहेर स्टुलावर, उभे हात. मी आत, आडवे हात. मध्ये काच. रेघ दिसली की त्या बोट दाखवायच्या आणि ती कोणाची हे विचारावं लागायचं नाही. बहुतेक वेळा माझी असायची. सोमवारी सहाला पश्चिमेच्या पाच सुरू केल्या, साडेआठला झाल्या. मग बाई घरी जाऊन साडी बदलून आल्या. इस्त्रीची, पांढरी, हिरव्या काठाची.

साहेब सव्वाअकराला आले. बरोबर सचिव, तोंडात सुपारी. गावातली वीज नेहमीसारखी गेलेली. बाईंनी त्यांना थेट नववीच्या वर्गात नेलं. साहेब दारातच थबकले. ऊन फरशीवर चौकोनाचौकोनांनी पडलं होतं, बारा बाराचे तुकडे. शेवटच्या बाकावरच्या मुलीला त्यांनी उभं केलं आणि भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशावरची बारीक अक्षरं वाचायला सांगितली. ती त्या मिस्त्रीची मुलगी. तिने नद्या वाचल्या, डोंगर वाचले, मग नकाशाखालचं प्रमाण वाचलं, मग मुद्रकाचं नाव वाचायला लागली तेव्हा साहेब म्हणाले, "पुरे, पुरे."

सचिव म्हणाले, "साहेब, हे दिवसा ठीक हाये. पण पक्की इमारत ती पक्की इमारत. अन असल्या खिडक्या उघड्या टाकल्या तर पाऊस आत," आणि बोलताबोलता वळून खिडकीबाहेर थुंकले.

दहा वर्षं त्यांनी ती खिडकी हिरवी पाहिली होती. हिरवी नाही म्हणजे उघडी, असा त्यांचा समज. सुपारीची लाल पिचकारी त्यांच्या नाकासमोर वीतभर अंतरावर हवेत थांबली आणि खाली ओघळू लागली.

मग पहिल्या बाकावरून एक फुर्र असा आवाज आला, आणि मग सगळा वर्ग. साहेबांनी आधी काचेला बोट लावून पाहिलं, ती खरंच आहे ना म्हणून. मग तेही हसायला लागले, रजिस्टर पोटाशी धरून.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून धोतराचं फडकं काढलं. शेवटचं फडकं, जे कुणाला देत नसत. ते सचिवांपुढे धरलं.

"आतून आडवं पुसायचं," त्या म्हणाल्या.

आणि सचिवांनी पुसलं. साहेबांसमोर, अठरा मुलींसमोर, आडवं. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. "तिथं, कोपऱ्यात. हां. बराबर."

साहेबांनी शेरा तिथेच, वर्गाच्या मधोमध उभं राहून लिहिला. दारापर्यंत जावं लागलं नाही. वर्गखोल्या भरपूर उजेडाच्या व हवेशीर. शाळा आहे त्याच इमारतीत चालू ठेवावी. खाली सही. बाईंनी शेरा दोनदा वाचला, शाई वाळू दिली, रजिस्टर मिटलं आणि घंटा द्यायला सांगितली, कारण दुसऱ्या तासाची वेळ झाली होती. मुली मात्र अंगणात ओरडत, फुगड्या घालत होत्या. मिस्त्री सायकल टाकून पळत आला आणि फाटकातूनच विचारलं, "राह्यली का?" साठ-एकसष्ट मुली एकदम ओरडल्या, "राह्यली!" तो आवाज स्टँडपर्यंत गेला म्हणतात. जाऊ शकतो. मी कानावर हात ठेवले होते.

शाळा सुटल्यावर बाई मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी मुगाची कर. बोअरच्या पाण्यात शिजती."

मंगळवारी सकाळी मी सहालाच शाळेत गेले. सामानाच्या खोलीत आधीच्या हेडमास्तरांचा हिरवा ऑइलपेंट अर्धा डबा शिल्लक होता. झाकण उचकटलं, ब्रश घेतला आणि पडवीतल्या रांजणावर वीतभर अक्षरांत लिहिलं: हे पाणी डाळीसाठी नाही.

मागे बाई येऊन उभ्या होत्या. त्यांनी वाचलं.

"अन चहाचं?"

मी ब्रश परत डब्यात बुडवला आणि खाली लिहिलं: चहासाठीही नाही.